महामारीतील घरखर्च आणि सरकारी मदतीची वाट

महामारीने शेतीचे काम थांबले नाही, हे वाक्य २०२० नंतर पुष्कळांच्या तोंडी ऐकू येते आणि ते खोटेही नाही. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली व थोड्याच दिवसांत शेतीची कामे तीतून वगळण्यात आली. गहू-हरभरा खळ्यावरून घरी आला, पुढे खरिपाच्या पेरण्याही झाल्या. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे एकूण उत्पादन आदल्या वर्षाच्या मानाने सुमारे २४ टक्क्यांनी घटले असता शेतीचे उत्पादन मात्र तीन टक्क्यांहून अधिक वाढले. हे आकडे पाहून शेतकऱ्याच्या घराला महामारीची झळ लागली नाही, असा समज शहरातच नव्हे, तर तालुक्याच्या कचेऱ्यांतूनही पसरला. हा समज साफ चुकीचा आहे. शेत पिकणे ही एक गोष्ट आणि घर चालणे ही दुसरी, हे ज्याने कोरडवाहू गावात एक उन्हाळा काढला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

कोरडवाहू मुलखातील दोन-तीन एकरांच्या धन्याचे घर वर्षभर शेतावर चालत नाही. होळी झाली की शेतात फारसे काम उरत नाही. चैत्र-वैशाखात हे घर रोख पैशावर जगते. कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी बांधकामावर. घरातील स्त्री बागायतदाराकडे कांदा काढावयास जाते. आठवडे बाजारात एखादी शेळी विकली जाते. आणि मुंबई-पुण्यास असलेला मुलगा दर महिन्यास काही रक्कम घरी धाडतो. याच पैशातून लग्नकार्ये उरकतात, वाण्याची उधारी फिटते आणि मृगापूर्वी बियाणे-खताची सोय होते. टाळेबंदी आली ती नेमकी याच महिन्यांत. वीटभट्ट्या थंडावल्या, बांधकामे बंद पडली, लग्ने लांबली. पैसे पाठविणारा मुलगा स्वतःच पायी वा मिळेल त्या वाहनाने गावी परतला. म्हणजे जो घराला हात देत होता, तो काही काळ घरातील खाणारे तोंड झाला. साखर कारखान्यांच्या तळांवर अडकून पडलेल्या लाखाहून अधिक ऊसतोड मजुरांना तर आपल्या गावी परतण्याची मुभा मिळण्यास एप्रिलचा मध्य उलटावा लागला.

ज्यांच्याजवळ विकण्यासारखा माल होता त्यांचीही गत फारशी बरी नव्हती. नाशिक-सांगलीकडील द्राक्षे वेलीवर होती, कोकणात आंबा उतरत होता, कलिंगडे आणि फुले तर दोन दिवसही थांबणारी नव्हेत. काही बागायतदारांनी द्राक्षांचे बेदाणे केले, काहींनी आंब्याच्या पेट्या थेट शहरातील वसाहतींत पोचविल्या; ही हुशारी खरीच, परंतु ती ज्याच्याजवळ टेम्पो, ओळख आणि परवाना होता त्यालाच साधली. कुक्कुटपालकांचे नुकसान तर टाळेबंदीच्याही आधी सुरू झाले होते. कोंबडीच्या मांसातून हा रोग पसरतो ही निराधार अफवा फेब्रुवारी २०२० पासून अशी काही पसरली, की उत्पादनखर्च राहो, पक्षी फुकट नेणारा गिऱ्हाईकही मिळेना. दुधाचेही तेच झाले. हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद होताच मागणी घसरली आणि गाईच्या दुधाचा भाव कोसळला. राज्य शासनाने दररोज १० लाख लिटर दूध लिटरला २५ रुपये दराने खरेदी करून त्याची भुकटी करण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण सरकारी खरेदीच्या साखळीत ज्याचा संघ होता, त्याच्याच चरवीपर्यंत तो पोचला.

आणखी एक गोष्ट घडली, जिची नोंद कोणत्याच अहवालात ठळकपणे झालेली दिसत नाही. अडचणीच्या वेळी शेतकरी जनावर विकतो. गोठा ही त्याची पेढी होय. २०२० च्या उन्हाळ्यात आठवडे बाजार आणि गुरांचे बाजार बंद होते. म्हणजे नड सर्वात मोठी असता ही पेढीच बंद राहिली. जनावर विकता येईना, म्हणून पाळी आली ती सोने गहाण टाकण्याची किंवा सावकाराच्या दारी जाण्याची. बँकांच्या हप्त्यांना मार्च २०२० पासून जी स्थगिती मिळाली, तिने तात्पुरता दिलासा मिळाला खरा. परंतु स्थगिती म्हणजे माफी नव्हे, व्याज चालूच राहिले, आणि सावकाराला तर कोणतीच स्थगिती लागू नव्हती.

आता सरकारी मदतीकडे पाहावे. २६ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदी सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, केंद्र शासनाने १ लाख ७० हजार कोटी रुपयांची गरीब कल्याण योजना जाहीर केली. अन्नसुरक्षा यादीतील सुमारे ८० कोटी लोकांना माणशी दरमहा ५ किलो धान्य आणि कुटुंबामागे १ किलो डाळ मोफत. महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रुपये. वृद्ध, विधवा व अपंग निवृत्तिवेतनधारकांना एकूण १,००० रुपये. किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलमध्येच. इतक्या थोड्या अवधीत इतक्या मोठ्या लोकसंख्येपर्यंत पोचण्याचा असा प्रयत्न पूर्वी झाला नव्हता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

यांपैकी धान्याची मदत सर्वात खरी ठरली. पाच माणसांच्या घराला तीन महिन्यांत ७५ किलो धान्य नेहमीच्या वाट्याव्यतिरिक्त मिळाले, पुढे मुदत वेळोवेळी वाढत गेली, आणि चूल विझली नाही. ज्यांची शिधापत्रिका केशरी, पण अन्नसुरक्षा यादीत नाव नाही, त्यांच्यासाठी राज्य शासनाने मे व जून २०२० मध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपये दराने व २ किलो तांदूळ १२ रुपये दराने दिला. महाराष्ट्रातील अन्नसुरक्षा यादीची मर्यादा सुमारे ७ कोटी माणसांची असून ती २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्यानंतर घरात आलेल्या सुनांची आणि जन्मलेल्या मुलांची नावे पुष्कळ पत्रिकांवर चढलेली नव्हती. धान्य माणशी मिळणारे. तेव्हा जे नाव चढले नाही, ते तोंड उपाशी नसले तरी दुसऱ्याच्या वाट्यातून खाणारे ठरले.

रोख मदतीचा हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करावयास हवा. समजा, एका घरात नवरा-बायको मजुरी करतात आणि मुलगा शहरातून दरमहा ४,००० रुपये धाडतो. नवऱ्याचे महिन्यास १५ दिवस २५० रुपयांप्रमाणे, बायकोचे तितकेच दिवस १५० रुपयांप्रमाणे धरले, तर एप्रिल व मे या दोन महिन्यांत बुडालेली मिळकत २०,००० रुपये होते. या घराच्या नावावर जमीन असेल आणि बायकोचे खाते जनधनचे असेल, तर जूनअखेर एकूण रोख मदत मिळाली ३,५०० रुपये. जमीन नसेल आणि खाते साधे बचतीचे असेल, तर मिळाले शून्य. शिवाय त्या ३,५०० पैकी किसान सन्मान निधीचे २,००० रुपये ही नवी रक्कमच नव्हती. वर्षाला ६,००० रुपयांपैकी जो हप्ता त्या काळात देय होताच, तो एप्रिलच्या आरंभी देण्यात आला, इतकेच. लवकर मिळाला हे बरे झाले, परंतु नुकसानीची भरपाई म्हणून तो मोजणे हिशेबाला धरून नाही. राहिले जनधनचे १,५०० रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे तीन महिन्यांची ही मदत सहा दिवसांच्या मजुरीहून थोडी अधिक भरते.

बुडालेली सगळी मिळकत कोणतेही शासन भरून देऊ शकत नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. मदतीची कसोटी निराळी आहे. खुंट्याची गाय खुंट्यास राहिली काय, मृगाला बियाणे उधारीवाचून आले काय, मुलगी शाळेतून निघाली काय, या गोष्टींवरून मदत पुरली की नाही हे ठरते. रोख पैसा हाती दिला की तो उधळला जातो, असे म्हणणारे लोक गावोगाव आहेत. ५०० रुपयांत काय उधळपट्टी होते, हे त्यांनी एकदा किराणा दुकानात उभे राहून पाहावे.

या पाचशे रुपयांसाठी बायाबापड्यांना पडलेले कष्टही विसरण्याजोगे नाहीत. गर्दी टाळण्यासाठी खात्याच्या शेवटच्या अंकाप्रमाणे दिवस नेमून दिले होते. ३ एप्रिल रोजी शून्य व एक, ४ एप्रिल रोजी दोन व तीन, याप्रमाणे ९ तारखेपर्यंत. योजना चांगली होती. पण पैसे लगेच काढले नाहीत तर सरकार ते परत घेईल, अशी आवई उठली आणि पुष्कळ ठिकाणी नेमलेला दिवस न पाहता रांगा लागल्या. तसे काही होणार नव्हते, हे शासनाने जाहीरही केले. तरीही सहा-सात मैल चालत आलेल्या स्त्रीला बँकेच्या दारात कळे की आपले खाते जनधनचे नव्हेच, ते बचतगटाच्या वेळी उघडलेले साधे खाते आहे. खाते कोणत्या प्रकारचे आहे हे खातेदाराला ठाऊक नसावे, हा दोष तिचा नव्हे. खाते उघडून देणाऱ्याने ते समजावून दिले नाही आणि गावात कोणी विचारले नाही.

येथे मूळ मुद्दा येतो. नुकसान झाले ते घराचे; मदत आली ती नोंदीच्या नावावर. ही दोन नावे जेथे जुळली, तेथे मदत पोचली. जेथे जुळली नाहीत, तेथे ती पोचली नाही. बांधकाम मजुरांचेच पाहा. राज्याच्या कल्याणकारी मंडळाने एप्रिल २०२० मध्ये नोंदणी झालेल्या मजुरांच्या खात्यात २,००० रुपये जमा केले. परंतु नोंदणीस वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि गावाकडून शहरात जाऊन नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला तो देणार कोण?

सर्वात मोठी तफावत वाटेकऱ्याच्या बाबतीत आहे. किसान सन्मान निधी १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावावर जमीन होती त्याला मिळतो. प्रत्यक्ष नांगर कोणाचा चालतो याच्याशी त्याचा संबंध नाही. अर्धेलीने शेत करणारा माणूस बियाणे घालतो, खत घालतो, घाम गाळतो, आणि मदतीच्या यादीत त्याचा मागमूस नसतो. मालक वाटा कागदावर लिहून देत नाही, याचे कारणही सर्वांस ठाऊक आहे: १९४८ च्या कूळकायद्याची आठवण अजून गेलेली नाही, आणि एकदा नाव लागले की जमीन जाईल ही भीती मालकाच्या मनात घर करून बसली आहे. ज्या कायद्याने कुळाला जमीन मिळवून दिली, त्याच्याच भीतीने आजचा वाटेकरी बिननावाचा राहिला. मालकाची भीती निव्वळ लबाडी म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. मालकी हक्काला बाध न येता पिकापुरती वहिवाट नोंदता येईल अशी कायद्याची वाट काढल्यावाचून पुढच्या संकटातही हा माणूस असाच वगळला जाईल. २०२३ पासून राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधीतून वर्षाला आणखी ६,००० रुपये सुरू केले, तेही याच यादीवर. आणि २०२५ पासून योजनांसाठी आवश्यक ठरलेला शेतकरी ओळख क्रमांकही सातबाऱ्याशीच जोडलेला आहे. यादी एकच असल्याने वाटप सुकर होते, यात शंका नाही. पण जो एका ठिकाणी सुटला तो सर्व ठिकाणी सुटला, हेही तितकेच खरे.

दुसरी तफावत विधवांची. २०२१ च्या उन्हाळ्यात रोगाची दुसरी लाट आली ती थेट खेड्यांत शिरली. या वेळी मिळकत तर बुडालीच, शिवाय दवाखान्याचा खर्च अंगावर आला आणि अनेक घरांतील कर्ते पुरुष गेले. राज्याने एप्रिल २०२१ मध्ये निराधार निवृत्तिवेतनधारकांना १,००० रुपये, आदिवासी कुटुंबांना २,००० रुपयांची खावटी अशी मदत जाहीर केली. सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न गेल्यावर मृतांच्या वारसांना ५०,००० रुपये देण्याचे २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात निश्चित झाले. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि रोग झाल्याचा पुरावा लागे. चाचणी झाल्यापासून ३० दिवसांच्या आतील मृत्यू यात धरला जाई. ज्याची चाचणीच झाली नाही, घरच्या घरी ताप अंगावर काढून जो गेला, त्याच्या विधवेपुढे मोठे कोडे उभे राहिले. तिच्या नावावर जमीन नव्हती, खाते नवऱ्याचे, शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख सासरा. शेतकरी मयत झाला की सन्मान निधीचा हप्ता थांबतो आणि वारसाची नोंद झाल्यावरच पुढचा विचार होतो. ही नोंद भाऊबंदांच्या तक्रारीत अडकली, की ज्या बाईला मदतीची सर्वांत अधिक निकड, तिच्याच दारावरून मदत पुढे निघून जाते. अशा स्त्रियांची व अनाथ मुलांची कागदपत्रे तालुक्याच्या ठिकाणी एकत्र मार्गी लावण्यासाठी राज्याने २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ सुरू केले, यावरूनच अडचण पैशाची तितकीच कागदाचीही होती हे दिसून येते. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावून घेण्याची सोय लक्ष्मी मुक्ती योजनेखाली १९९२ पासून आहे. तिचा लाभ किती घरांनी घेतला, हे ज्याने त्याने आपल्याच गावाचे उतारे काढून पाहावे.

मदतीचा एक प्रकार मात्र असा आहे की ज्यात गरजू माणूस स्वतःच पुढे येतो, आणि तो महाराष्ट्राला नवा नाही. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात जी कल्पना आजमावून पाहिली, तीच १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उपयोगी पडली व १९७७ च्या कायद्याने रोजगार हमी म्हणून पक्की झाली. मागेल त्याला काम, हे तिचे सूत्र. २०२० च्या संकटात त्या वेळच्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने तीच कामगिरी बजावली. मे २०२० मध्ये या कामांसाठी ४०,००० कोटी रुपये वाढवून देण्यात आले आणि २०२०-२१ या वर्षात देशभर सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघाले; आदल्या वर्षी ते २६५ कोटी होते. शहरातून परतलेला गवंडी, वाटेकरी, भूमिहीन, विधवा, कोणालाही येथे सातबारा विचारण्यात आला नाही. ज्या गावांत शेततळी, बांधबंदिस्ती, विहिरी यांचे आराखडे मंजूर होऊन पडलेले होते, त्यांना एप्रिल-मेमध्येच कामे काढता आली. ज्यांचे आराखडे तयार नव्हते, तेथे मजूर आला आणि काम नव्हते. जॉबकार्ड मजुराच्या हाती असावे असा नियम असता ती गठ्ठ्याने कपाटात बांधून ठेवण्याची खोड काही ठिकाणी होती. ती त्या वर्षी फार महागात पडली.

संकट आल्यावर याद्या करू म्हटल्यास त्या होत नाहीत. टाळेबंदीत कचेऱ्या बंद, वाहने बंद, आणि साक्षांकित प्रत काढावयास झेरॉक्सचे दुकानही बंद होते. जे करावयाचे ते चांगल्या दिवसांतच केले पाहिजे, आणि ते ग्रामकार्यकर्त्याच्या हातचे आहे. गावातील मयत खातेदारांच्या वारसनोंदी किती पडून आहेत, हे त्याला एका दुपारी समजू शकते. पत्रिकेवर न चढलेल्या सुना व मुले कोणती, कोणाचे आधारवरील नाव बँकेतील नावाशी जुळत नाही, कोणते खाते वर्षानुवर्षे व्यवहार न झाल्याने निष्क्रिय झाले आहे, कोणता मजूर शहरात कोणत्या धंद्यात आहे, हे गावाला ठाऊक असते. फक्त एका वहीत आलेले नसते. हे काम कोणत्याही योजनेत मोडत नाही, त्याचा इष्टांक ठरलेला नसतो आणि त्याबद्दल कोणी पाठही थोपटत नाही; म्हणून ते मागे पडते. शेतकरी बंधूंनीही हे सर्व सरकारवर सोपवून स्वस्थ बसू नये. आपला उतारा, आपली पत्रिका, पत्नीचे खाते ही वर्षातून एकदा, पेरणीपूर्वी, बी-बियाण्याबरोबरच पाहून घेण्याची गोष्ट आहे.

खरिपाच्या नियोजनाची जी सभा मे महिन्यात गावोगाव होते, तीतच ही नावे मोठ्याने वाचून दाखविण्याचा प्रघात पाडावा. चावडीवाचनाची चाल आपल्याकडे जुनीच आहे. ती सातबाऱ्यापुरती न ठेवता शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, बांधकाम मजूर आणि सन्मान निधीच्या याद्यांनाही लावता येईल. नाव सुटलेले असल्यास शेजारीच सांगतो. वाचन मात्र संध्याकाळी ठेवावे आणि वाडीवस्तीवरही जाऊन करावे; दिवसा ठेवल्यास ज्यांची नावे सुटलेली असतात तेच नेमके कामावर गेलेले असतात.